निर्वासिताचं निवेदन लिहून घेताना : नव्या स्वयंसेवकांसाठी पायरीपायरीने

मदत करायची म्हणून पहिल्यांदा निर्वासितांच्या केंद्रात येणाऱ्या बहुतेकांच्या हातात काहीतरी असतं. कपडे, पांघरुणं, मुलांसाठी खेळणी. ते सगळं लागतंच. पण ज्या कामाला माणसं कायम कमी पडतात, ते टेबलाशी बसून करायचं असतं. समोर घरदार सोडून आलेला माणूस, बाजूला दुभाषी आणि आपल्यापुढे कोरा कागद. त्याच्यावर काय ओढवलं, तो का निघाला, परत पाठवलं तर त्याला कशाची भीती वाटते, हे त्याच्याच शब्दांत लिहून काढायचं. आश्रयाचा अर्ज पुढे ज्या अधिकाऱ्यासमोर जातो, त्याच्याकडे पुष्कळदा या निवेदनापलीकडे फारसं काही नसतं. जीव मुठीत धरून पळालेल्या माणसाने पुरावे गोळा करून आणलेले नसतात, आणि छळ करणाऱ्यांनी लेखी काही मागे ठेवलेलं नसतं.

मी काही वर्षं हे काम करते आहे. माझं सांगणं एकच : ती हकिकत त्या माणसाची आहे आणि ती त्याचीच राहिली पाहिजे. नवे लोक बेफिकीर नसतात, पण लवकर मदत करण्याच्या घाईत त्यांच्या हातून तिला धक्का लागतो. तो लागू नये म्हणून काय काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिते.

पहिली पायरी : कायदा थोडा शिका, पण पक्का शिका

‘निर्वासित’ हा शब्द आपण बोलताना सैल वापरतो. टेबलाशी बसताना तो नेमका माहीत हवा. २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हात स्वीकारलेल्या करारानुसार निर्वासित म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर असलेली अशी व्यक्ती, जिला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणावरून छळ होण्याची साधार भीती आहे, आणि त्यामुळे जिला आपल्या देशाचं संरक्षण मिळत नाही किंवा ते मागायची हिंमत होत नाही. मुळात हा करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने, ती मुदत काढून टाकली.

या व्याख्येतला एक तुकडा नव्या लोकांच्या हातून हमखास निसटतो, तो म्हणजे ‘कारण’. काय झालं ते माणसं सांगतात. मारलं, उचलून नेलं, घर पेटवलं. पण ‘तुम्हालाच का?’ हे कोणी आपणहून सांगत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते उघडच असतं. आपल्या जमातीला तिथे कसं वागवतात हे सगळ्या जगाला ठाऊक असणार, असं त्यांनी धरलेलं असतं. ते आपण विचारून घ्यायचं आणि लिहायचं. पाच कारणांपैकी ‘सामाजिक गट’ हे सगळ्यात लवचीक आहे. सक्तीच्या लग्नातून सुटून आलेली मुलगी किंवा समलिंगी असल्यामुळे पळालेला तरुण यांचे अर्ज अनेक देशांत याच कारणाखाली मान्य झाले आहेत.

निव्वळ युद्धातून पळालेला माणूस १९५१ च्या व्याख्येत आपोआप बसतोच असं नाही. आफ्रिकेतल्या देशांनी १९६९ च्या करारात आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्यात व्याख्या रुंद केली, ती यासाठीच. युक्रेनमधून निघालेल्यांसाठी युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये तात्पुरत्या संरक्षणाची वेगळी तरतूद पहिल्यांदा लागू केली, तीही अशीच सोय. आणि जो सीमा ओलांडू शकला नाही, आपल्याच देशात देशोधडीला लागला, तो कायद्याच्या भाषेत ‘देशांतर्गत विस्थापित’. हे लोक संख्येने निर्वासितांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या, म्हणजे यूएनएचसीआरच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख लोक बळजबरीने विस्थापित झालेले होते. त्यातले ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात अडकलेले, ४ कोटी २७ लाख निर्वासित, आणि ८४ लाख लोक आश्रयाच्या अर्जावर निर्णय व्हायची वाट पाहणारे. (काही जण दोन गटांत मोजले जातात, म्हणून बेरीज थोडी जास्त भरते.)

दोन कलमं मात्र तोंडपाठच हवीत. कलम ३३ : जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलायचं नाही. कलम ३१ : थेट धोक्याच्या ठिकाणाहून आलेला माणूस विनापरवाना सीमा ओलांडून आला, पण विलंब न लावता अधिकाऱ्यांसमोर हजर झाला आणि त्याने योग्य कारण दिलं, तर त्याला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करायची नाही. ज्याला लोक सहज ‘घुसखोर’ म्हणून मोकळे होतात, त्याच्यासाठी हे कलम लिहिलेलं आहे. जॉर्डन, लेबनॉन, पाकिस्तान, बांगलादेश, भारत, मलेशिया अशा बऱ्याच देशांनी १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. तरीही परत न ढकलण्याचं तत्त्व आंतरराष्ट्रीय रूढ कायद्याचा, म्हणजे देशांच्या चालत आलेल्या प्रथेतून बनलेल्या कायद्याचा, भाग म्हणून सही न केलेल्यांनाही लागू मानलं जातं. शिवाय १९८४ च्या छळविरोधी कराराचं कलम ३ आहे : जिथे छळ होण्याचा खरा धोका आहे तिथे पाठवायचंच नाही, मग माणूस कोणीही असो.

दुसरी पायरी : आपण कोण नाही, हे आधी सांगा

आपण वकील नाही, सरकारी अधिकारी नाही, डॉक्टर नाही. पहिल्याच वाक्यात हे सांगून टाका आणि दुभाष्याकडून ते समोरच्याला नीट कळलंय ना, याची खात्री करा. कितीतरी माणसं निवेदन लिहून घेणाऱ्यालाच निर्णय देणारा समजतात आणि त्या भीतीने बोलतात. ‘तुमचं काम नक्की होईल’ हे वाक्य कधीही उच्चारू नका. ते बरं वाटावं म्हणूनच म्हटलेलं असतं, पण अर्ज फेटाळला गेला की त्या माणसाचा पुढच्या प्रत्येक मदतनीसावरचा विश्वास उडतो.

मग लगेच मुदत पाहा. हकिकत ऐकायच्या आधी. अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, अपवाद मोजके. अपिलाच्या मुदती बऱ्याच देशांत काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या असतात. हातात एखादं सरकारी पत्र असेल तर त्यावरची तारीख आणि ते मिळाल्याचा दिवस दोन्ही लिहून घ्या, आणि मुदत जवळ आली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी वकिलाला किंवा मोफत कायदा मदत केंद्राला फोन करा.

आणि पैशांचं. यूएनएचसीआरकडची नोंदणी, निर्वासित म्हणून मान्यता, तिसऱ्या देशात पुनर्वसन, यांतलं काहीही पैसे देऊन मिळत नाही. सगळं मोफत आहे. तरी प्रत्येक वस्तीच्या आसपास ‘यादीत नाव घालतो’ म्हणणारे दलाल फिरत असतात. पुनर्वसन दर वर्षी जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांच्या वाट्याला येतं. त्यामुळे त्या आशेवर जमवलेली पुंजी लुबाडणं फार सोपं जातं. कोणाला पैसे दिलेत का, हे हळूच विचारा. रागावू नका.

तिसरी पायरी : खोली आणि दुभाषी

दार आतून लावता येईल पण समोरच्याला ते दिसत राहील, अशी खोली हवी. त्याची खुर्ची दाराच्या बाजूला, आपली आत. कोठडीत राहून आलेल्या माणसाला बाहेर पडायची वाट अडवलेली चालत नाही. पाणी, कागदी रुमाल, भिंतीवर दिसेल असं घड्याळ. फोन बंद, त्याचाही आणि आपलाही. टेबलावर नोंदवहीखेरीज काही नको.

दुभाष्याच्या बाबतीत तडजोड करू नका. ‘कुर्दिश येतं’ एवढं पुरत नाही : सोरानी की कुर्मांजी, हे विचारा. अफगाणिस्तानातून आलेल्याला दरी हवी की पश्तो, हे विचारा. नुसती भाषा जुळून भागत नाही. दुभाषी त्या माणसाला छळणाऱ्या गटातला निघाला, किंवा त्याच्याच छोट्या समाजातला, ज्याच्या तोंडून ही गोष्ट उद्या सगळीकडे पसरेल, तर समोरचा माणूस तोंडाला कुलूप लावून बसतो. बाईला बाई दुभाषी हवी असेल तर ती मिळेपर्यंत थांबा. मुलांना आईवडिलांचं भाषांतर करायला कधीही लावू नका. दहा वर्षांच्या मुलीने आईवर काय अत्याचार झाला हे वाक्यावाक्याने ऐकायचं आणि परक्या माणसाला सांगायचं, हा तिच्यावर नव्याने केलेला आघात आहे.

दुभाष्याशी दोन गोष्टी आधीच ठरवा. त्याने ‘तो म्हणतोय की’ असं न म्हणता ‘मी’ असंच बोलायचं. आणि काही सावरायचं नाही, काही वगळायचं नाही, शब्द कळला नाही तर थांबवून विचारायचं. आपण मात्र बोलताना दुभाष्याकडे न पाहता त्या माणसाकडे पाहायचं.

चौथी पायरी : पहिल्या दिवशी हकिकत विचारू नका

हे बऱ्याच जणांना पटत नाही, वेळ वाया जातोय असं वाटतं. पण पहिली भेट ओळखीसाठी ठेवा. झोप लागते का, कुटुंबातलं कोण कुठे आहे, तब्येत कशी आहे, आज रात्री राहायची सोय आहे का. पोटात दुखतंय, मूल तापाने फणफणलंय, आणि आपण विचारतोय २०१९ साली काय झालं, असं होता कामा नये.

नावही याच दिवशी नीट लिहून घ्या. पुष्कळ समाजांत आडनाव ही चीजच नाही. सोमाली माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं. कितीतरी अफगाणांना एकच नाव असतं. फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना भरायलाच लागतो म्हणून सीमेवरच्या कारकुनाने काहीतरी लिहिलेलं असतं, पुढच्या कार्यालयात दुसऱ्याने वेगळंच. सख्ख्या भावांची आडनावं कागदोपत्री निराळी होतात, मग ते भाऊ आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. प्रत्येक कागदावर नाव कसं लिहिलंय याची एक यादी करून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. जन्मतारीख १ जानेवारी दिसली तर ती बहुधा कोणीतरी भरून टाकलेली असते. जिथे जन्माची नोंद होत नाही तिथल्या माणसांच्या कागदांवर ही तारीख फार वेळा दिसते.

पाचवी पायरी : काळ मांडून घ्या

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथे अडखळतात.

इथिओपियातून आलेल्या एका बाईंचं निवेदन मी लिहून घेत होते. नवऱ्याला घरातून नेलं ती रात्र. ‘पोलीस किती वाजता आले?’ दुभाष्याने सांगितलं, रात्री तीन वाजता. मी लिहिलं, रात्री तीन. पुढचं वाक्य होतं : मुलं जेवत होती, धाकटीच्या हातातला घास खाली पडला. मी तेही लिहिलं. दोन्ही वाक्यं माझ्याच अक्षरात एकाखाली एक होती आणि मला काही खटकलं नाही. त्या आधी नोंदणीच्या वेळी दुसऱ्या दुभाष्यामार्फत त्यांनी दिलेल्या माहितीत ‘रात्री नऊ’ अशी नोंद होती. दोन कागद शेजारी ठेवले गेले तेव्हा प्रश्न असा आला की, ही बाई आधी खोटं बोलली की आता?

त्या दोन्ही वेळा खरंच बोलल्या होत्या. इथिओपियात घड्याळ सूर्योदय-सूर्यास्तापासून मोजतात. आपले संध्याकाळचे सहा म्हणजे त्यांच्या रात्रीची सुरुवात, त्यामुळे ‘रात्री तीन’ म्हणजे आपले रात्रीचे नऊ. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारेही अशीच वेळ सांगतात. पहिल्या दुभाष्याने मनातल्या मनात बदलून सांगितलं होतं, दुसऱ्याने शब्दशः. दुरुस्तीचं पत्र जोडलं, स्पष्टीकरण मान्य झालं. पण मधल्या आठवड्यांत त्या बाईंना वाटत होतं की आपल्यावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते माझ्यामुळे होतं. मुलं जेवत होती हे ऐकल्यावर रात्रीचे तीन कसे, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं.

तेव्हापासून मी वेळ आकड्यात विचारतच नाही. अंधार पडला होता का, मुलं झोपली होती का, रस्त्यावर माणसं होती का, असं विचारते. आकडा मागाहून, आणि कुठल्या घड्याळाचा ते लिहून.

तारखांचंही तसंच. इथिओपियाची कालगणना आपण सगळीकडे वापरतो त्या ग्रेगोरियन कालगणनेच्या सात-आठ वर्षं मागे असते, वर्षाला तेरा महिने असतात आणि नवं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. अफगाणिस्तानात सौर हिजरी सन चालत आला आहे. तिथला माणूस काबूल पडल्याचा दिवस २४ असद १४०० असा सांगेल, तो म्हणजे १५ ऑगस्ट २०२१. चांद्र हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे ‘अमुक सणाला’ असं कोणी सांगितलं तर तो सण त्या वर्षी कुठल्या महिन्यात आला होता ते तपासावं लागतं. नियम साधा ठेवा : माणसाने तारीख ज्या कालगणनेत सांगितली तशीच आधी लिहा, शेजारी बदललेली तारीख लिहा, आणि बदलली कोणी तेही लिहा. पडताळल्याशिवाय बदलू नका.

ज्याला तारीखच आठवत नाही, त्याच्यासाठी एक लांब कागदाची पट्टी घ्या. आडवी रेघ ओढा. आधी ज्या गोष्टी पक्क्या आठवतात त्या मांडा : मुलांचे जन्म, परीक्षा, पेरणी, कापणी, एखादा मोठा पूर, आजी गेली तो पावसाळा. मग त्यांच्यामध्ये बाकीचं बसवत जा. अटक झाली तेव्हा थोरला चालायला लागला होता का? कापणी व्हायची होती की झाली होती? एका तरुणाने बोलायचं पूर्ण थांबवलं होतं. त्याच्यापुढे पेन्सिल ठेवली. त्याने कोठडीचा नकाशा काढला : खिडकी कुठे, बादली कुठे, दाराखालच्या फटीतून किती उजेड यायचा ते. त्या चित्रावर बोट ठेवत ठेवत तो पुढचा तासभर बोलला. असं चित्र फाइलला जोडता येतं.

‘साधारण’, ‘त्या सुमाराला’, ‘नक्की आठवत नाही’ हे शब्द माणसाने वापरले असतील तर ते निवेदनात तसेच राहू द्या. ते काढून नेमका आकडा घातला की कागद नीटनेटका दिसतो, आणि पुढच्या मुलाखतीत तोच माणूस त्याच आकड्यावर चुकतो.

सहावी पायरी : जिथे दुखतं तिथे

पहिल्या भेटीत ठरवलेली एक खूण हवी. हात वर केला की थांबायचं, कारण विचारायचं नाही. बोलता बोलता नजर एका जागी थिजली, श्वास जोरात व्हायला लागला, किंवा माणूस भूतकाळातली गोष्ट ‘आता चालू आहे’ अशी सांगायला लागला, तर प्रश्न बंद. पाणी द्या, पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या वस्तू मोजायला सांगा, आज कुठला वार आहे विचारा. तो परत या खोलीत आला की मगच ठरवा, पुढे जायचं की आजपुरतं पुरे.

लैंगिक अत्याचाराबद्दल खोदून विचारणं आपलं काम नाही. घडलं आहे एवढं नोंदवण्यापुरतं सांगितलं असेल तर तेवढंच लिहा आणि प्रशिक्षित माणसाकडे पाठवा. पुरुषांवरही असे अत्याचार होतात आणि ते बोलायला फार उशिरा तयार होतात, हे लक्षात असू द्या. अंगावर छळाच्या खुणा असतील तर त्यांचे फोटो आपण फोनवर काढायचे नाहीत. त्यांची नोंद कशी करायची याची संयुक्त राष्ट्रांची ठरलेली पद्धत आहे, इस्तंबूल प्रोटोकॉल, १९९९ ची, २०२२ मध्ये सुधारलेली. ती माहीत असलेल्या डॉक्टरचा अहवाल अर्जाला फार मोठा आधार देतो.

‘मला समजतं’ असं म्हणू नका. ‘सांगितलंत, बरं केलंत’ एवढं पुरतं. आणि तासा-दीड तासापेक्षा जास्त एका बैठकीत नको, तुमच्यात उत्साह असला तरी. सत्र संपवायच्या आधी दहा मिनिटं आजच्या गोष्टींवर या : उद्या शाळेत कोण सोडणार, बसचा पास मिळाला का. माणसाला त्या रात्रीत सोडून खोलीबाहेर पाठवू नका.

सातवी पायरी : विसंगती आणि सजावट

दोन वेळा सांगितलेली हकिकत जशीच्या तशी जुळत नाही तेव्हा नव्या माणसाच्या मनात शंका येते. २००२ साली ब्रिटनमधल्या कोसोव्हो आणि बोस्नियाच्या निर्वासितांवर झालेला एक अभ्यास मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते. त्यांच्या दोन वेळा मुलाखती घेतल्या, त्याच घटनांविषयी. तपशिलांत फरक सगळ्यांच्याच सांगण्यात पडले, आणि प्रसंगाच्या गाभ्यापेक्षा कडेच्या तपशिलांत जास्त पडले. भयंकर प्रसंगातलं काही लख्ख आठवतं, काही पार पुसलेलं असतं. निर्वासितांची मान्यता कशी ठरवावी यावरच्या यूएनएचसीआरच्या १९७९ च्या मार्गदर्शिकेतही हेच धरून सांगितलं आहे की, तथ्य शोधायची जबाबदारी अर्जदार आणि तपासणारा अशी दोघांची आहे, आणि सगळं सांगूनही जे सिद्ध करता येत नाही तिथे संशयाचा फायदा अर्जदाराला द्यावा.

विसंगती दिसली तर ती आपणच, शांतपणे, आत्ताच विचारायची. ‘मागच्या वेळी मी असं लिहिलंय, माझं ऐकण्यात काही चुकलं का?’ बहुतेकदा चूक ऐकण्यातली किंवा भाषांतरातलीच निघते.

सजावटीचा मोह मात्र ठाम नाकारा, आपलाही आणि त्याचाही. वस्त्यांमध्ये सल्ले फिरत असतात : अमक्या गावाचं नाव सांग, तमकी घटना सांग, म्हणजे केस होते. खरी आणि पुरेशी हकिकत असलेला माणूसही भीतीपोटी त्यात उसनं काहीतरी मिसळतो, आणि तेवढा एक धागा ओढला गेला की सगळंच उसवतं. प्रवासाचा मार्ग लपवायला सांगणारेही असतात. युरोपात बोटांचे ठसे २००३ पासून युरोडॅक या सामायिक यंत्रणेत ठेवले जातात. आधी कुठल्या देशात ठसे दिले होते ते कळतंच. खोटा पासपोर्ट वापरून आला असेल तर तेही निवेदनात खरं लिहा, आणि खरा का मिळू शकला नाही हे लिहा. ज्या सरकारापासून पळायचं, त्याच्याच खिडकीवर पासपोर्ट मागायला कसं जाणार?

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आपली वाक्यं त्याच्या तोंडी घालू नका. न शिकलेल्या शेतकऱ्याच्या निवेदनात ‘मानवी हक्कांची पायमल्ली’ असले शब्द आले की वाचणाऱ्याला कळतं, हे दुसऱ्या कोणाचं आहे. त्याने ‘माझ्या बापाची जमीन आमच्या नावाची राहू दिली नाही’ म्हटलं असेल तर तेच लिहा.

आठवी पायरी : कागद आणि गुप्तता

मूळ कागद कोणालाही पोच घेतल्याशिवाय द्यायचा नाही. वकिलालाही नाही. ओले, फाटके, शिक्का पुसट झालेले, सगळे कागद जपा. पाकीटसुद्धा, कारण त्यावरच्या टपाल शिक्क्यावरून तारीख कळते. कागदांशिवाय माणूस किती निराधार होतो याची जाणीव जुनी आहे. निर्वासितांचे उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने, देश गमावलेल्या रशियन निर्वासितांसाठी ओळख आणि प्रवासाचं प्रमाणपत्र सुरू केलं. पुढे त्यालाच नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले, आणि पन्नासहून जास्त सरकारांनी तो मान्य केला. आज मान्यताप्राप्त निर्वासितांना मिळणारं प्रवासपत्र, १९५१ च्या कराराच्या कलम २८ मधलं, त्याच वाटेने आलेलं आहे.

कागदाची खातरजमा करायला म्हणून त्याच्या देशाच्या वकिलातीशी कधीही संपर्क करू नका. एका फोनने तिथे राहिलेले आईवडील धोक्यात येतात. फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, चेहरा झाकूनही नाही. मागची भिंत, अंगावरचा दागिना, फोटोतच साठवलेलं ठिकाण, यांतूनही ओळख पटते. फाइलवर नावाऐवजी क्रमांक, आणि कुलूपबंद कपाट. घरी जाऊन ‘आज एक बाई आल्या होत्या’ अशी सुरुवात करायची सवय मोडा. (वरच्या बाईंचे काही तपशील मी म्हणूनच बदलले आहेत.)

नववी पायरी : मूल एकटं असेल तर

तेव्हा तुम्ही निवेदन घेऊच नका. आधी पालक नेमला जायला हवा, त्याआधी फक्त खाणं, झोप आणि सुरक्षित जागा. १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम २२ निर्वासित मुलांसाठीच आहे. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधू नका. उन्हातान्हात महिनोन्महिने चाललेली मुलं मोठी दिसतात.

आईवडील हरवले असतील तर शोध रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंटकडे द्यायचा. हे काम त्यांच्याकडे १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धापासून आहे आणि बहुतेक देशांत त्यांचं शोध कार्यालय आहे. मुलाला ‘सापडतील हं’ असं सांगू नका. ‘शोधायला सांगितलंय, कळलं की तुला मी स्वतः सांगेन’ हे खरं आहे तेवढं सांगा, आणि मग काही कळलं नाही तरी ठरलेल्या दिवशी जाऊन ‘अजून काही कळलं नाही’ हे सांगा. मुलं त्या दिवसाची वाट पाहत असतात.

दहावी पायरी : वाचून दाखवणं

निवेदन पूर्ण झालं की ते त्याच्या भाषेत शब्दन्‌शब्द वाचून दाखवायचं. शक्य असेल तर वेगळ्या दुभाष्याकडून. यासाठी वेगळा दिवस ठेवा, लिहिण्याच्या दिवशी सगळे थकलेले असतात. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून विचारा : हे बरोबर आहे? काही राहिलं? तुम्ही असंच म्हणाला होतात? दुरुस्ती झाली की तिथे त्याची सही किंवा अंगठा. मगच शेवटची सही. स्वतःची हकिकत दुसऱ्याच्या आवाजात सलग ऐकताना बरेच जण रडतात, काहींना मध्येच काहीतरी आठवतं जे आजवर सांगितलं नव्हतं. ते त्यांना हवं असेल तरच घ्या, आणि ते आज आठवलं असं लिहूनच घ्या.

एक प्रत त्याला. त्याच्या ताब्यात, त्याच्या भाषेतल्या भाषांतरासह. मुलाखतीच्या आधी पुन्हा वाचायला लागते. पाठ करायला सांगू नका. पाठ केलेलं पाठ केल्यासारखंच ऐकू येतं.

त्यानंतर

त्यानंतर वाट पाहणं असतं, महिने, कधी वर्षं. या काळात माणसं सगळ्यात जास्त खचतात, कारण करण्यासारखं काही उरत नाही. भाषेचे वर्ग, मुलांची शाळा, काम करायला परवानगी आहे तिथे काम, यांत गुंतवून द्या आणि महिन्यातून एकदा तरी फोन करा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. स्वतःकडेही बघा. रात्री दुसऱ्याच्या कोठडीची स्वप्नं पडायला लागली तर दोन आठवडे कपडे वाटपाच्या टेबलावर जा आणि केंद्रातल्या अनुभवी माणसाशी बोला.

निर्णयाचं पत्र आलं की ते त्याच्या आधी उघडू नका. दुभाष्याला बोलवा, दार लावा, बसा. नकार असेल तर कारणांचा परिच्छेद दोनदा वाचून दाखवा, अपिलाची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात त्याच्या भाषेत, त्याच्या कालगणनेतही, एका वेगळ्या कागदावर लिहून त्याच्या हातात द्या, आणि तो खोलीतून जायच्या आत वकिलाची वेळ घ्या.